ब्लूटूथ माउस आणि खिशातला लिनक्स : एका चुकीच्या वाक्याचा इतिहास

मागच्या वर्षी माझ्या तोंडून एक चुकीचं वाक्य गेलं आणि ते दुसऱ्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये छापलं गेलं. आजची पोस्ट त्या वाक्याबद्दल आहे.

झालं असं. आमच्या लॅबच्या कपाटात लिनक्सवर चालणारं एक जुनं, तळहातावर मावणारं उपकरण आहे. एका सीनियरने प्रयोगाचे आकडे पडद्यावर दाखवण्यासाठी ते कधीकाळी वापरलं होतं. उपकरण चालू होतं, पण टचस्क्रीनची खालची पट्टी मेलेली. नेमकी सगळी बटणं त्या पट्टीत. केबल लावून लॅपटॉपवरून त्याच्या टर्मिनलमध्ये जाता येत होतं, पण पडद्यावरचं बटण दाबायचं तर बोट निरुपयोगी. म्हटलं, ब्लूटूथ माउस जोडू. नवा कोरा माउस आणला, शोध सुरू केला, आणि माउस यादीत दिसेचना. तीन दिवस खटपट केली. शेवटी कंटाळून एका एम.एस्सी.च्या ज्युनियरला सांगून टाकलं, "त्या काळच्या लिनक्सला ब्लूटूथ माउस कळतच नव्हता गं."

तिने ते वाक्य इमानदारीत रिपोर्टमध्ये लिहिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "याला आधार काय?" तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे आधार काहीच नव्हता. होता तो फक्त माझा न जोडलेला माउस.

त्या संध्याकाळपासून मी हा इतिहास वाचायला घेतला. तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हा प्रवास तुमच्याही कामाचा आहे. कारण "माझ्याकडून झालं नाही" आणि "होत नव्हतं" या दोन वाक्यांमधलं अंतर ओळखणं, यातच संशोधनाचा बराचसा भाग येतो.

आधी माउस म्हणजे काय ते पाहू

१९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस तयार केला. लाकडाची छोटी डबी, वर बटण आणि खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. एक चाक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला.

त्या दोन चाकांकडे नीट बघा. आपण टेबलावर कुठे आहोत हे माउसला कधीच माहीत नसतं. "मगापासून मी इतका उजवीकडे आणि इतका वर सरकलो," एवढंच तो सांगतो. म्हणजे तो स्थान सांगत नाही, फरक सांगतो. आता फरकांची बेरीज कुणीतरी करायला हवी, आणि त्या बेरजेचं उत्तर डोळ्यांना दिसायला हवं. पडद्यावरचा बाण म्हणजे ते उत्तर.

टचस्क्रीनचं याच्या बरोबर उलट. तिथे बोट किंवा लेखणी टेकली की थेट "इथे" असं स्थान मिळतं. बेरीज नको, म्हणून बाणही नको. बोट हाच बाण.

हा भेद लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला अडवणार आहे.

तार तोडण्याची गोष्ट

ब्लूटूथचं काम १९९४ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात एरिक्सन कंपनीत सुरू झालं. याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन ही या कामातली दोन प्रमुख नावं. मोबाईल आणि त्याच्या आसपासच्या वस्तू यांच्यातली तार काढून टाकायची, हा उद्देश. १९९७ मध्ये इंटेलच्या जिम कार्डाक यांनी दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड ब्लूटूथ या राजाचं नाव सुचवलं. ते तात्पुरतं होतं, पण तेच टिकलं. मे १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून ब्लूटूथचा गट स्थापन केला आणि १९९९ मध्ये पहिलं प्रमाण प्रसिद्ध झालं.

यातला रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झच्या मोकळ्या पट्ट्यात चालतो. त्या पट्ट्याचे ७९ भाग केलेले असतात आणि जोडलेली दोन्ही उपकरणं सेकंदाला १६०० वेळा, एकाच ठरलेल्या क्रमाने, या भागांमध्ये उड्या मारत राहतात. तो क्रम जुळला नाही तर बोलणं अशक्य. म्हणून "शोध" नावाची पायरी आधी येते. शोधणारा हाका मारत फिरतो आणि ऐकणारा आपला ४८ बिटांचा पत्ता व आपण कोण आहोत याचा एक छोटा सांकेतिक आकडा परत पाठवतो. आपण हेडफोन आहोत की माउस, हे त्या आकड्यावरून कळतं.

माझं घोडं याच पायरीवर अडलं होतं. माझ्या हाकेला माउस ओ देत नव्हता. हे मी त्या तीन दिवसांत वहीत नोंदवलं असतं तर पुढचे सगळे दिवस वाचले असते. पण मी नोंदवलं होतं फक्त "कनेक्ट होत नाही". ही नोंद निरुपयोगी आहे, कारण ती कुठल्या पायरीवर अडलं ते सांगत नाही.

लिनक्सकडे तेव्हा काय होतं?

माझ्या वाक्यातला "त्या काळचं लिनक्स" हा भाग तपासायला मी इथून सुरुवात केली. इतिहासकार ज्याला अस्सल साधन म्हणतात, ते या विषयात अगदी हाताशी आहे. लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, सगळा स्रोत खुला आहे. बऱ्याच फाइलींच्या डोक्यावर लेखकाचं नाव आणि वर्ष असतं. कुठल्या आवृत्तीत काय आलं याची यादी असते. शिलालेख वाचायला डोंगर चढावा लागतो, इथे नुसतं खाली स्क्रोल करायचं आहे. तरीही मी ते केलं नव्हतं.

तर, २००१ च्या आसपास लिनक्ससाठी ब्लूटूथच्या एकाहून अधिक संहिता उपलब्ध होत्या. लुंडच्याच ॲक्सिस कंपनीची ओपन-बीटी. आयबीएमची ब्लू-ड्रेकर. हेलसिंकीच्या नोकिया संशोधन केंद्रातली ॲफिक्स. आणि क्वालकॉममध्ये मॅक्स क्रास्न्यान्स्की यांनी लिहिलेली ब्लू-झी. क्वालकॉमने मे २००१ मध्ये ब्लू-झी मुक्त परवान्याखाली खुली केली आणि दोनच महिन्यांत, कर्नलच्या २.४.६ या आवृत्तीत, ती मुख्य गाभ्यात घेतली गेली.

गाभ्यात असणं म्हणजे काय ते इथे समजून घ्यायला हवं. गाभ्याबाहेरच्या संहितेला प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर स्वतःला जुळवून घ्यावं लागतं. कुणी ते काम करत राहिलं नाही तर ती मागे पडते. गाभ्यातल्या संहितेला मात्र सगळ्यांबरोबर पुढे नेलं जातं. एसटीत बसलेला आणि एसटीमागे धावणारा यांच्यातला हा फरक आहे.

आता दुसरा धागा, हातात मावणाऱ्या उपकरणांचा. २००० साली कॉम्पॅकचं आयपॅक बाजारात आलं ते मायक्रोसॉफ्टची प्रणाली घेऊन. पण कॉम्पॅकच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज संशोधन प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्यावर लिनक्स चालवून दाखवलं. त्यांत जिम गेटिस होते, म्हणजे १९८४ मध्ये एमआयटीत रॉबर्ट शाइफ्लर यांच्यासोबत एक्स विंडो प्रणाली उभी करणारे तेच. आपल्याकडे त्याच सुमारास बंगळूरमध्ये भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनी यांनी मिळून सिम्प्युटर घडवला. तोही लिनक्सवर, लेखणीने चालणारा, स्मार्ट कार्डाची खाच असलेला. २००२ मध्ये शार्पचं झॉरस एसएल-५५०० लिनक्स घेऊनच दुकानात आलं.

आणि मग २००५ च्या अखेरीस नोकिया ७७०. पडदा ८०० गुणिले ४८० बिंदूंचा, मेमरी अवघी ६४ एमबी, प्रणाली डेबियनवर आधारलेली मेमो, सोबत वाय-फाय आणि ब्लूटूथ. गंमत बघा. नोकियाच्या स्वतःच्या संशोधन केंद्रात ॲफिक्स तयार असताना ७७० मध्ये बसवली गेली ती ब्लू-झी. का? गाभ्यात असण्याचा फायदा हेच कारण असावं असं मला वाटतं. पण हा माझा तर्क आहे, साधनात लिहिलेलं वाक्य नाही. तुमच्या प्रबंधात या दोन गोष्टी अशाच वेगळ्या ठेवा. "दिसतं" आणि "मला वाटतं" यांची सरमिसळ झाली की परीक्षकाच्या आधी तुम्हीच फसता.

याच मालिकेत पुढे २००७ मध्ये एन ८०० आणि एन ८१० आली, आणि २००९ च्या अखेरीस एन ९०० आला. त्याचा प्रोसेसर ६०० मेगाहर्ट्‌झचा, कर्नल २.६.२८, ब्लूटूथ २.१. ही शेवटची संख्या मनात ठेवा.

स्वतःचा बायोडेटा घेऊन येणारा माउस

मग माउस लिनक्सला कळत होता की नाही? उत्तर एका जुन्या, शहाण्या निर्णयात आहे, आणि तो ब्लूटूथचा नव्हे, यूएसबीचा आहे.

यूएसबी येण्याआधी जवळजवळ प्रत्येक वेगळ्या जोडउपकरणासाठी वेगळा ड्रायव्हर लागायचा. यूएसबी घडवणाऱ्यांनी १९९० च्या दशकात "माणूस हाताळतो ती उपकरणं" असा एक वर्गच केला आणि त्याला एचआयडी म्हटलं. त्यातला नियम असा की उपकरणाने स्वतःचं वर्णन स्वतः द्यायचं. "मला तीन बटणं आहेत, पहिल्या बाइटमध्ये त्यांची स्थिती, मग आडवा फरक, मग उभा फरक." थोडक्यात, माउस स्वतःचा बायोडेटा घेऊन मुलाखतीला येतो. संगणकाने तो वाचायचा आणि कामाला लावायचं. शिवाय बायोडेटा वाचण्याइतकीही ऐपत नसलेल्या संगणकासाठी एक अगदी साधी, ठरलेली बोलीही ठेवली होती. तीन बाइटांत सगळं : बटणं, आडवं, उभं.

२००३ मध्ये ब्लूटूथसाठी एचआयडीचा आराखडा मंजूर झाला तेव्हा त्यांनी नवं काहीच शोधलं नाही. यूएसबीचीच भाषा उचलली आणि तारेऐवजी रेडिओवर चढवली. दोन वाहिन्या ठरल्या : १७ क्रमांकाची नियंत्रणासाठी आणि १९ क्रमांकाची हालचालींच्या बातम्यांसाठी.

लिनक्सच्या बाजूने हे काम मार्सेल होल्टमन यांनी केलं. कर्नलमधल्या त्या फाइलच्या डोक्यावर वर्षं आहेत २००३-२००४. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. आराखडा २००३ चा आणि लिनक्समधली अंमलबजावणीही त्याच वर्षापासूनची. माझ्या कपाटातल्या उपकरणाच्या जन्माआधीच लिनक्सला ब्लूटूथ माउस व्यवस्थित कळत होता. माझं वाक्य इथेच खोटं ठरलं.

पुढचा रस्ताही तयार होता. चेक प्रोग्रामर वॉयतेख पावलिक यांनी लिनक्समध्ये इनपुटचा एक सामाईक थर उभा केला होता. त्यामुळे माउस तारेचा असो वा रेडिओचा, वरच्या प्रोग्रामला तो एकसारखाच दिसायचा. सुरुवातीला एचआयडीचा बायोडेटा वाचणारा भाग यूएसबीच्या घरात राहत होता. २००७ च्या सुरुवातीला आलेल्या २.६.२० या आवृत्तीत यिरझी कोसिना यांनी तो वेगळा काढला, म्हणजे यूएसबी आणि ब्लूटूथ दोघांनाही तो वापरता यावा.

वापरणाऱ्याला हे सगळं कसं दिसायचं? त्या काळी एचआयडीडी नावाचा छोटा प्रोग्राम असे. माउसच्या पोटावरचं बटण दाबून धरायचं, टर्मिनलमध्ये शोधाची आज्ञा द्यायची, पत्ता सापडला की जोडणी. बऱ्याच माउसना गुप्त आकडा लागतच नसे, लागला तर चार शून्यं. २००८ मध्ये ब्लू-झीची चौथी आवृत्ती आली आणि हे काम मुख्य सेवेच्या "इनपुट" नावाच्या शाखेकडे गेलं. त्यासोबत एक बारीक सोय आली. नको असलेली शाखा सेटिंगच्या फाइलमध्ये एका शब्दाने बंद ठेवता येऊ लागली. छोट्या उपकरणात मेमरी आणि बॅटरी दोन्ही मोजून-मापून असतात, म्हणून उपयोगाची सोय. पण इतिहास लिहिणाऱ्याला फसवणारी. क्षमता आहे, फक्त कुलूप लावलंय. बाहेरून बघणाऱ्याला खोलीच नाही असं वाटतं.

बाण कुठे गेला?

आता मघाशी राखून ठेवलेला भेद बाहेर काढू. समजा रेडिओ जुळला, बायोडेटा वाचला, फरक येऊ लागले. तरी काम संपत नाही. बेरजेचं उत्तर दाखवायला बाण हवा.

यातल्या काही छोट्या उपकरणांवर एक्स विंडो प्रणालीच होती, फक्त हलक्या अंगाची. कीथ पॅकार्ड यांनी लिहिलेली के-ड्राइव्ह नावाची आवृत्ती आयपॅकवरही चालली आणि नोकिया ७७० वरही. एक्सचा जन्म माउसच्या काळातला, तिच्या हाडामासात बाण आहे. पण तिच्यावर चढवलेला संसार बोटाचा. बटणं मोठी. बाण लपवलेला, कारण बोटाखाली बाण नाचत राहिला तर उलट त्रास. आणि माउस एखाद्या बटणावर नुसता नेऊन थांबवला तर काय घडावं, या प्रश्नाचा विचारच केलेला नाही. बोट हवेत तरंगतं तेव्हा टचस्क्रीनला काही कळत नाही, मग त्या स्थितीचा विचार कोण कशाला करेल?

म्हणून अशा उपकरणाला माउस जोडला की विचित्र अनुभव येतो. क्लिक केलं की कुठेतरी काहीतरी उघडतं, पण आपण कुठे आहोत ते दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत चाचपडत स्विच शोधावा तसं.

याला तुम्ही दोष म्हणाल? मी आधी म्हणालो असतो. पण आजच्या गरजेचा चष्मा लावून कालच्या माणसाला आळशी ठरवणं ही इतिहासातली सगळ्यात सोपी चूक आहे. २००५ च्या अभियंत्यापुढे प्रश्न होता ६४ एमबी मेमरीत वेबपान उघडायचं कसं. टचस्क्रीनची खालची पट्टी मेल्यावर अनेक वर्षांनी कुणीतरी माउस लावू पाहील, हा त्याचा प्रश्न नव्हता. तांत्रिक क्षमता आणि गृहीत धरलेला वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींचा इतिहास वेगवेगळा लिहावा लागतो.

मग माझा माउस का दिसेना?

इतकं वाचूनही माझा मूळ प्रश्न शिल्लकच होता. लिनक्सला माउस कळत होता, मान्य. शाखा बंद असू शकते, बाण लपलेला असू शकतो, तेही मान्य. पण माझा माउस तर शोधातच दिसत नव्हता, आणि शोध ही त्या सगळ्याच्या आधीची पायरी. म्हणजे वरच्या थरांतलं कुठलंच कारण लागू पडत नाही. दोष असलाच तर रेडिओच्या थरात.

तेव्हा मी उपकरण सोडलं आणि माउसचा इतिहास काढला.

३० जून २०१० रोजी ब्लूटूथची ४.० ही आवृत्ती मंजूर झाली. तिच्यात "लो एनर्जी" नावाचा नवा प्रकार आला. नाव ब्लूटूथ, पट्टा तोच २.४ गिगाहर्ट्‌झचा, पण आतून बोली वेगळी. ७९ ऐवजी ४० वाहिन्या, त्यातल्या फक्त ३ "मी इथे आहे" अशी जाहिरात करण्यासाठी. जुन्या पद्धतीत शोधणारा हाका मारायचा आणि उपकरण ओ द्यायचं. इथे उपकरणच अधूनमधून स्वतःची दवंडी पिटतं आणि मधल्या वेळात झोपून घेतं, म्हणून बॅटरी वाचते. २०११ च्या अखेरीस एचआयडीची तीच जुनी भाषा या नव्या रेडिओवर चढवण्याचा आराखडाही आला. बॅटरीवर चालणाऱ्या माउसला याहून चांगलं काय हवं? हळूहळू अनेक माउस फक्त नव्याच प्रकारात बोलू लागले.

माझं उपकरण ब्लूटूथ २.१ चं. माझा माउस फक्त लो एनर्जीचा. एकजण हाका मारतोय, दुसरा दवंडी पिटतोय, आणि दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. सॉफ्टवेअर कितीही बदललं तरी उपयोग नाही, कारण त्या चिपला तो रेडिओच येत नाही. आपल्या फोनला आणि लॅपटॉपला हे कधी जाणवत नाही, कारण त्यांच्यातली चिप बहुधा दोन्ही बोली जाणते. दुभाषा सोबत असला की भाषा दोन आहेत हे विसरायला होतं.

हे झालं गृहीतक. ते तपासायचं कसं? दोन गोष्टी केल्या. नवा माउस लॅपटॉपसमोर ठेवून बीटी-मॉन या लिनक्सच्याच साधनाने रेडिओचा संवाद पाहिला. आलेली नोंद स्पष्टपणे लो एनर्जीच्या जाहिरातीची होती. मग शेजारच्या लॅबमधून एक जुना, झिजलेला ब्लूटूथ माउस मागून आणला आणि त्याच उपकरणावर तोच शोध पुन्हा घेतला. काही सेकंदांत पत्ता हजर. एक बदल, बाकी सगळं तसंच. ही तपासणी मी पहिल्या दिवशीही करू शकलो असतो. तीन दिवस मी एकच माउस पुन्हापुन्हा शोधत होतो आणि निष्कर्ष मात्र सगळ्या माउसबद्दल काढत होतो.

हा इतिहास अजून संपलेला नाही

नव्या रेडिओसाठी लिनक्सलाही बदलावं लागलं. २०१२ मध्ये कर्नलच्या ३.६ आवृत्तीत डेव्हिड हेरमन यांचं यू-एचआयडी आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्लू-झीची पाचवी आवृत्ती आली. लो एनर्जीच्या माउसची बातमी आता कर्नलमधून बाहेर ब्लू-झीच्या सेवेकडे येते, तिथे उलगडते आणि यू-एचआयडीच्या दारातून पुन्हा कर्नलमध्ये जाते. तिथे तिची गाठ पडते त्याच जुन्या बायोडेटा वाचणाऱ्या भागाशी. २०२२ पासून मिळू लागलेल्या स्टीम डेक या लिनक्सवरच्या खेळयंत्राला कुणी आज माउस जोडतो तेव्हा हाच रस्ता वापरात असतो. फक्त आता तो दोन टिचक्यांमागे झाकलेला आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये मात्र झाकण जरा वर उचललं गेलं. मार्क न्यूलिन या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिलं की विशिष्ट परिस्थितीत एखादा परका माणूस, रीतसर जोडी न जमवता, स्वतःला कीबोर्ड म्हणवून ब्लू-झी चालवणाऱ्या संगणकात अक्षरं घुसवू शकतो. खरं तर "जोडी जमलेल्यांनाच आत घ्या" अशी सेटिंग ब्लू-झीमध्ये २०२० पासून होती. पण ती मुळात बंद ठेवलेली होती, जुनी उपकरणं अडू नयेत म्हणून. आता ती मुळात चालू झाली. साहजिकच काही जुनी उपकरणं अडली, आणि "कालपर्यंत चालत होतं, लिनक्सने बिघडवलं" असं म्हणणारे पुन्हा निघाले. माझंच वाक्य, नव्या कपड्यांत.

तुमच्यासाठी

या सगळ्यातून मी तीन सवयी लावून घेतल्या. तुम्हालाही सुचवतो.

पहिली. वहीत "होत नाही" असं लिहू नका. कुठल्या पायरीपर्यंत होतं आणि कुठल्या पायरीवर थांबतं ते लिहा. शोधात दिसतं का, जोडी जमते का, बातमी येते का, बाण हलतो का : हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि चारांची उत्तरं चार वेगळ्या दशकांत दडलेली असू शकतात. तुमचं साधन माउस नसेल, पीसीआर मशीन असेल, सेंट्रिफ्यूज असेल. पायऱ्या तिथेही असतात.

दुसरी. अडलेल्या जोडणीला दोन टोकं असतात. आपण नेहमी जुन्या, दुबळ्या, फुकटच्या टोकाला आधी दोषी धरतो. मी उपकरणाचा आणि लिनक्सचा इतिहास आठवडाभर वाचला आणि दोनशे वेळा हाताळलेल्या नव्या माउसच्या खोक्यावर काय छापलंय ते वाचलं नाही. तिथे बारीक अक्षरात आवृत्ती लिहिलेली होती.

तिसरी. तोंडी सांगितलेलं वाक्यही साधन बनतं. सीनियर म्हणून तुम्ही जे सहज बोलता ते ज्युनियरच्या रिपोर्टमध्ये संदर्भाशिवाय जाऊन बसतं, आणि तिथून पुढच्या बॅचकडे जातं. खात्री नसेल तर "मला जमलं नाही" असं म्हणा. त्यात कमीपणा नाही, आणि मुख्य म्हणजे ते खरं असतं.

माझ्या ज्युनियरला दुरुस्तीसाठी मुदत मिळाली होती. तिने ते वाक्य खोडून असं लिहिलं : "या उपकरणातील ब्लूटूथ २.१ आणि निवडलेला लो एनर्जी माउस यांच्यात सामाईक रेडिओ पद्धत नसल्याने जोडणी झाली नाही; जुन्या पद्धतीचा माउस शोधात आढळला." मूळ वाक्यापेक्षा ते लांब आहे आणि त्यात कुणाला दोष देण्याची मजा नाही. पण आता कुणी आधार विचारला तर तिला माझ्याकडे बघावं लागणार नाही.